अस्तित्वात नसलेला मेंढा

१

साहेब सापडले. जिवंत सापडले, चारही पायांवर सापडले, आणि भैरूआप्पाच्या डोक्यावरचा आळ गेला.

हे वाक्य चुकून इथं आलं. ते तुम्ही वाचलेलं नाही, कारण ते अजून घडलेलंच नाही. तर, साहेब बेपत्ता होते.

साहेब म्हणजे मेंढा. खुटबावच्या भैरूआप्पाच्या घराण्यानं बिरोबाला सोडलेला. एकदा खाली बसला की कपाळाला भंडारा लावल्याशिवाय जागचा हलायचा नाही, म्हणून गावानं त्याचं नाव साहेब ठेवलं. देवाच्या मेंढ्याला कात्री लावत नाहीत. त्यामुळं जन्मापासूनची लोकर तशीच अंगावर, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं उधळलेला भंडारा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एखादी पिवळी गादी पाय फुटून चालत निघालीय.

शिरूरच्या बाहेर माळवाडीला बिरोबाची जत्रा. सूर्य मावळताना पालखी निघते आणि पालखीपुढं चालायचा मान साहेबांचा. देवळापुढं मांडवाचं काम चालू होतं, म्हणून साहेबांचा एका रात्रीचा मुक्काम जवळच्या मेंढी संकलन केंद्रात ठरला. आदल्या दिवशी दिवेलागणीला टेम्पो खुटबावहून आला, साहेबांना उतरवून गेला. सकाळी जत्रा कमिटीचे रखमाजी आबा हलगीवाला घेऊन न्यायला आले, तर साहेब जागेवर नाहीत.

हलगीवाल्याला हे कुणी सांगितलं नाही. तो वाजवतच राहिला.

केंद्राचा मॅनेजर हौशीराम यानं कॉम्प्युटरचा पडदा आबांकडं वळवला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: असा मेंढा अस्तित्वात नाही.

"आरं, मागच्या साली माझ्या पायावर पाय दिला व्हता त्यानं!" आबा म्हणाले.

"आबा, मी कुठं न्हाई म्हणतोय? कॉम्प्युटर म्हणतोय. चोरला असं म्हणत न्हाई त्यो. पळाला असंबी म्हणत न्हाई. डायरेक अस्तित्वातच न्हाई म्हणतोय."

आबांनी हलगी थांबवली. मग सावकाश म्हणाले, "भैरूनं सांगितलं व्हतं, नोंद केलीया. नोंद न्हाई, म्हंजी भैरू खोटं बोलला. भैरू खोटं बोलला, म्हंजी मेंढा वाटंतच इकला. आज पालखीपुढं त्यानं भंडारा उचलायचा आन् शपथ घ्यायची, नोंद केली व्हती म्हणून. न्हाई घेतली तर मान गेला. पिढ्यान्‌पिढ्यांचा असू दे. आन् उद्या पोलिसात अर्ज."

निरोप भैरूआप्पाकडं गेला. उलटा निरोप आला, आणि तो आबांनी दोनदा ऐकून घेतला.

भैरूआप्पा शपथ घ्यायला तयार नव्हता.

२

दौंडला स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर सर्जेरावांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कंपनीत दोन माणसं: एक सर्जेराव, दुसरी अंकिता. केंद्राचा प्रोग्रॅम सर्जेरावांनी स्वतः लिहिलेला, पीएचपी नावाच्या संगणकभाषेत, अंकिता नोकरीला लागायच्या आधी.

"अंकिता, शिरूरला जा," सर्जेराव म्हणाले, "आन् आपला कॉम्प्युटर निर्दोष आहे हे सिद्ध करून ये."

"सर, आधी तपास करू ना?"

"कर की. निर्दोष सिद्ध होईपर्यंत कर."

अंकिता दुपार व्हायच्या आत केंद्रावर पोचली. हौशीरामनं तिला सगळं हिंडून दाखवलं. जनावर टेम्पोतून उतरलं की एका अरुंद लोखंडी गल्लीत शिरतं. गल्लीच्या शेवटी झुलतं फाटक. कानातल्या बिल्ल्यातली चिप यंत्र वाचतं आणि फाटक आपोआप वळतं. मुक्कामाचं जनावर डाव्या वाड्यात, नवीन आवक उजव्या वाड्यात.

"काल डावीकडं कोण गेलं?"

"कोणबी न्हाई. वाडा रिकामा हाय, बघा की."

"पण टेम्पोवाला जालिंदर म्हणतो, त्यानं साहेबांना गल्लीत सोडलं."

"त्ये जालिंदरला इचारा. मी केबिनमधी व्हतो. पडद्यावर आलं न्हाई म्हंजी आलं न्हाई. मॅडम, आमचं कुटुंब जेवायला हाक मारतंय, तरी मी आधी मोबाईलवर मेसेज आलाय का बघतो."

"आणि उजवीकडं बघितलं?"

"आबांनी सोत्ता बघितलं. झाडून सगळी भादरलेली मेंढरं. आंगावर लोकर आसंल तर शपथ. आन् साहेब म्हंजी लोकरीचा डोंगर. लपंल का?"

डोंगर लपणार नाही, हे अंकितालाही पटलं. केंद्राला बाहेर जायला एकच दार, त्या दाराशी रात्रभर कुत्री बांधलेली, आणि कुत्री गप्प होती. लोकरीचा डोंगर आत आला असेल तर आतच असायला हवा. आत नव्हता. म्हणजे आलाच नव्हता. म्हणजे जालिंदर.

चहा येईपर्यंत ती भिंतीला लावलेल्या पोत्यांवर टेकली. लोकर भरलेली पोती, मऊ होती. पहाटे कातरणाऱ्यांची टोळी आपलं काम उरकून न्हावऱ्याकडं निघून गेली होती. उत्तरेकडची माणसं, दर फेरीला वेगळी. पोती तेवढी मागं राहिली होती.

अंगणात एक मोठा ट्रक उलटा येत होता. त्याचा भोंगा वाढदिवसाचं गाणं वाजवत होता.

"हा कुठला?"

"मुंबईच्या खाटकांचा," हौशीराम म्हणाला. "उजवा वाडा रिकामा करायला."

अंकितानं चहा घेतला. त्यात हळद घातली होती की काय, असं तिला उगीच वाटून गेलं. वास कुठून तरी येत होता.

३

जालिंदरचा टेम्पो रस्त्याकडेला लिंबाखाली उभा होता. अंकितानं मागचा फाळका उघडला. टेम्पोत मटणाच्या रश्श्याचा वास होता. ताजा. कोपऱ्यात एक चाटूनपुसून रिकामा केलेला डबा.

"जालिंदरदादा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

जालिंदर पांढराफटक पडला. मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, आबांना सांगू नका. माझ्या हातनं पाप झालंय."

"कुठं केलंत?"

"चौफुल्याला. ढाब्यावर."

"आणि... बाकीचं काय केलंत? कातडं?"

"कातडं?" जालिंदर गोंधळला. "कातडं कशाला देतील? मी हाफ प्लेट खाल्ली, हाफ प्लेट बांधून घेतली. आन् ती टेम्पोतच खाल्ली. साहेबांच्या म्होरं! देवाचा मेंढा नेताना मटण शिवायचं नसतंय, ताई. त्ये बघत व्हते."

"साहेब?"

"टक लावून. पारगावचा पूल येस्तवर."

अंकितानं सुटकेचा श्वास टाकला. "आणि इथं आल्यावर?"

"इथं उतरंचनात. माझ्यावर राग आसंल. बसून ऱ्हायले. मग भैरूआप्पानं दिलेली भंडाऱ्याची पुडी काढली, कपाळाला लावला, तवा उठले आन् गल्लीत शिरले. फाटक वाजलेलं मी कानानं ऐकलं. त्येच्या पुढं मी थांबलो न्हाई, मला तोंड दाखवायची लाज वाटत व्हती."

खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या अंगावर मटण ओढून घेत नाही. जालिंदर सुटला. पण मग साहेब आत आले होते. आत आले, बाहेर पडले नाहीत, आणि आत नाहीत. अंकिताला हे गणित दौंड ते शिरूर कुठंच शिकवलेलं नव्हतं.

माळवाडीच्या देवळामागं भैरूआप्पा एकटाच दगडावर बसला होता. बाजूला त्याची बायको म्हाळसाकाकू. अंकिताला बघताच काकू म्हणाल्या, "काय गं पोरी, कुणाची हळद लावून आलीस?"

अंकितानं वळून पाहिलं. पांढऱ्या कुडत्याच्या मागच्या बाजूला भलामोठा पिवळा डाग. "कुठंतरी बसले असेन," ती शरमून म्हणाली आणि ओढणी पुढची मागं घेतली.

मग ती आप्पाच्या पुढ्यात बसली. "आप्पा, तुम्ही नोंद केली होती का?"

"केली."

"मग शपथ का घेत नाही?"

देवळात कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो हॅलोच्या पलीकडं त्याला काही सुचत नव्हतं.

"भंडारा हातात घेऊन अर्धं खरं बोलता येत न्हाई, बाळ," आप्पा म्हणाला. "फोनवर फारम भरला मी. वय घातलं, रंग घातला, बिल्ल्याचा नंबर घातला. एक जागा रिकामी सोडली."

"कुठली?"

"मालकाची. देवाला सोडलेलं जनावर हाय. त्येच्या म्होरं माझं नाव कसं घालू? आन् बिरोबाचं घालावं, तर खाली त्येचा मोबाईल नंबर मागतंय." आप्पानं हात जोडले. "आता तूच सांग. एक जागा रिकामी ऱ्हायली, तर ती नोंद झाली का न्हाई झाली? झाली म्हणून शपथ घेतली आन् देवाच्या लेखी न्हाई झाली असली तर?"

म्हाळसाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. "सकाळधरनं हेच चाललंय. लोक म्हणत्यात चोर हाय म्हणून शपथ घेईना. ह्यो चोर असता तर कवाच घेतली असती!"

अंकिता उठली नाही. तिनं तिथंच लॅपटॉप उघडला.

४

सर्जेरावांच्या प्रोग्रॅमला विचारलं असतं तर त्यानं पुन्हा तेच लाल उत्तर दिलं असतं. म्हणून तिनं प्रोग्रॅमला बाजूला ठेवलं आणि थेट डेटाबेस उघडला, जिथं नोंदी प्रत्यक्ष राहतात. बिल्ल्याचा नंबर घातला.

नोंद होती.

नाव साहेब, जात मेंढा, रंग पिवळा. मालक हा रकानासुद्धा होता, जागच्या जागी. फक्त त्यात काही नव्हतं. संगणकाच्या भाषेत त्याला नल म्हणतात.

तिनं सर्जेरावांना फोन लावला. "सर, मेंढा आहे की नाही हे फाटक कशावरून ठरवतं?"

"मालकावरनं. नोंद मिळाली तर मालक असतो. नाही मिळाली तर रिकामा ऑब्जेक्ट येतो, म्हणजे नुसतं खोकं, त्यात मालकाचा रकानाच नसतो. एका ओळीत काम."

ती ओळ अंकितानं उघडली:

if (!isset($mendha->malak))

"सर, isset काय विचारतं?"

"मालक आहे का विचारतं."

"नाही सर. मालकाच्या जागेवर कुणी बसलंय का, असं विचारतं. जागाच नसली तरी ते नाही म्हणतं, आणि जागा असून रिकामी असली तरी नाहीच म्हणतं. दोन्हीला एकच उत्तर."

"आता बिनमालकाचं मेंढरू असतं का कुठं? आजपर्यंत एकबी तक्रार नाही!"

"एक असतं, सर. देवाचं."

फोनवर सर्जेराव खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला, आणि परत बसल्याचा.

"मग काय वापरायचं होतं?"

"property_exists. ते एवढंच विचारतं की जागा आहे का. आत कोण बसलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही." तिनं तिथल्या तिथं दोन्ही चालवून पाहिलं. isset म्हणालं, नाही. property_exists म्हणालं, आहे. एकच मेंढा, एकच नोंद.

भैरूआप्पा हे सगळं कान देऊन ऐकत होता. त्याला पीएचपी कळत नव्हती, पण गाभारा कळत होता. "म्हंजी देव्हारा हाय, मूर्ती बसवायची ऱ्हायलीया. आन् तुमचं यंत्र म्हणतंय देव्हाराच न्हाई."

"अगदी तसंच, आप्पा. तुमची नोंद झालीय. पुरी झालीय. खुशाल शपथ घ्या."

आप्पाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. पण काकूंनी विचारलं ते बरोबरच होतं: "शपथ घेतील गं. पण साहेब कुठं हायत?"

अंकिता उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तिला हळदीचा वास आला. सकाळपासून येत होता तोच. तिनं ओढणी बाजूला केली, कुडत्यावरचा डाग बोटानं पुसला आणि बोट नाकाशी नेलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "ही नुसती हळद नाही. हा भंडारा आहे."

आणि ती पळत सुटली.

५

जालिंदरचा टेम्पो केंद्राकडं निघाला तेव्हा पुढं अंकिता, मागं भैरूआप्पा, आणि त्याच्या शेजारी रखमाजी आबा. आबांना कुणी बोलावलं नव्हतं. आरोपी पळतोय असं वाटून तेही चढले होते. मावळतीच्या पालखीसाठी आणलेला भंडाऱ्याचा वाडगा त्यांच्या मांडीवरच होता.

"कुठं चाललाय आपण?" आबा ओरडले.

अंकिता खिडकीतून मागं ओरडून सांगत होती. "फाटकाला वाटलं, असा मेंढा अस्तित्वात नाही! अस्तित्वात नसलेलं जनावर आत आलं, तर यंत्राच्या लेखी ते काय?"

"भूत!" आबा म्हणाले.

"नवीन आवक! फाटक उजवीकडं वळलं. साहेब उजव्या वाड्यात गेले. आणि पहाटे कातरणारे आले. बाहेरची माणसं, त्यांना काय देवाचं आणि काय बाजाराचं? उजव्या वाड्यातलं सगळं भादरायचं, औषधाच्या हौदातून काढायचं, जुना बिल्ला काढून नवा ठोकायचा. तुम्ही लोकरीचा डोंगर शोधत होता, आबा. डोंगर पोत्यात भरून भिंतीला लावलाय. मी त्याच्यावर बसून चहा प्यायले."

आबांनी मांडीवरचा वाडगा घट्ट धरला. देवाच्या मेंढ्याला कात्री. मग त्यांना पुढचं सुचलं आणि त्यांनी टेम्पोचा पत्रा बडवायला सुरुवात केली. "जालिंदर, ट्रक! मुंबईचा ट्रक! हाण!"

ट्रक अजून अंगणातच होता, इंजिन चालू. मागचा भाग मेंढरांनी गच्च भरलेला, सगळी उघडीबोडकी, सगळी एकसारखी. फळी मात्र खालीच होती, आणि फळीच्या तोंडाशी चार माणसं घामाघूम होऊन उभी होती.

हौशीराम धावत आला. "बरं झालं आलात मॅडम. एक आडमुठं मेंढरू मधीच बसलंय. ढकललं, वढलं, ड्रायव्हरनं गाणं वाजवलं. उठंना झालंय. फळी लावता येईना आन् ट्रक निघंना."

फळीवर एक मेंढा बसला होता. बारीक, गुलाबी कातडीचा, कानात नवा कोरा बिल्ला. सकाळी आबांनी त्याच्यावर नजर टाकून पुढचा बघितला होता. मेंढ्यानं आबांकडं पाहिलं आणि जांभई दिली.

"हा साहेब?" आबा म्हणाले. "ह्यो? ह्यो तर कुत्र्यायेवढा हाय!"

"हिथं कोण वळखणार, भैरू?" हौशीराम कळवळून म्हणाला. "नुसतं बसतंय म्हणून साहेब? आपल्याकडं बसणारे लई असत्यात."

सगळ्यांनी भैरूआप्पाकडं पाहिलं. आबांनी वाडगा पुढं केला. "भैरू, भंडारा उचल. हात ठेव आन् सांग, ह्योच साहेब. तुझी शपथ मी मानतो."

आप्पानं वाडग्यात हात घातला. मूठ भरली. फळीपाशी घाम पुसणारे चौघं बाजूला सरकले. ट्रक ड्रायव्हरनंसुद्धा इंजिन बंद केलं.

आप्पा शपथेचं काही बोललाच नाही. तो फळीपाशी गेला, गुडघ्यावर बसला, आणि ती मूठ मेंढ्याच्या कपाळाला लावली. "उठा साहेब," तो म्हणाला. "पालखी खोळंबलीया."

मेंढ्यानं डोकं झाडलं. पुढचे पाय टेकवले, मग मागचे. उठला, फळीवरून खाली उतरला आणि कुणाकडं न बघता दाराकडं चालू लागला. दाराशी जालिंदर उभा होता. त्याच्यासमोर मेंढा थांबला आणि त्याच्याकडं बघू लागला. टक लावून.

"चुकलं, साहेब," जालिंदर म्हणाला. "परत न्हाई खाणार."

आबांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि भैरूआप्पाच्या पायाशी वाकू लागले. आप्पानं त्यांना मधेच धरलं. वाकायला जागा नव्हती; मागून मेंढरं उतरायला लागली होती.

६

पालखी वेळेवर निघाली. पुढं साहेब, अंगावर जत्रा कमिटीची शाल, कारण थंडी वाजत होती. भंडारा एवढा उधळला गेला की अंधार पडेस्तोवर मेंढा पुन्हा पिवळा झाला. हलगीवाला सकाळचं राहिलेलं सगळं वाजवून गेला. मालकाचा रकाना अंकितानं रिकामाच ठेवला आणि ओळ तेवढी बदलली. सर्जेरावांनी केंद्राला कळवलं की कॉम्प्युटर निर्दोष असून चौकशीअंती त्याला सुधारण्यात आलं आहे.

पण आबांचं समाधान झालं नाही. ज्यानं देवाच्या मेंढ्याला नाही म्हटलं, त्याला जाब विचारायलाच हवा, असं त्यांनी ठरवलं. अंकितानं समजावलं की isset हा माणूस नाही. आबा म्हणाले, माणूस नसला तर त्याचा वरिष्ठ असेल. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला.

प्रति,
मा. मुख्य अधिकारी, पीएचपी भाषा,
असतील तेथे.

विषय: isset यांच्या वर्तनाबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या अखत्यारीतील isset हे रिकाम्या जागेस बेधडक 'नाही' असे उत्तर देतात, त्यामुळे आमच्या देवाचा मेंढा नाहक भादरला गेला. तरी शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या हद्दीत, निदान जत्रेच्या काळापुरती, त्यांना असे म्हणण्यास मनाई करण्यात यावी. तसेच साहेबांची लोकर सोबत पोत्यात पाठवीत आहोत, ती पूर्ववत जोडून परत मिळावी.

अर्जावर मेंढ्याच्या मालकाची सही आवश्यक असल्याचे समजते. सदर जागा रिकामी ठेवली आहे. रिकामी आहे म्हणून ती नाही असे समजण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.